कोर्स इंग्रजीत असला तर जर्मन कधी शिकायचं, आणि कसं?

मांजलपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगा बडोद्यातच मेकॅनिकल करतोय, शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालंय. पुढे जर्मनीत मास्टर्स करायचं आहे आणि कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे. कन्सल्टंट म्हणतो, जर्मनची गरज नाही, फार तर ए-वन करून ठेवा (भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू अशा चढत्या असतात). मुलगा म्हणतो, तिथे गेल्यावर आपोआप येईल. मुलाचा मामा म्हणतो, वर्षभर थांबा, बी-टू करा आणि मगच पाठवा. कर्ज काढून पाठवायचं असल्यामुळे पुढे तिकडेच नोकरी लागणं गरजेचं आहे. तर कुणाचं ऐकायचं?

ताई, बडोद्यात जर्मन शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न घेऊन येणारी घरं इतकी वाढली आहेत की जरा सविस्तरच लिहिते. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता सगळ्यात जास्त आपली भारतीय मुलं आहेत. 2023-24 च्या हिवाळी सत्रात ती 49 हजारांच्या वर होती. म्हणजे तुमच्या मुलाबरोबर त्याच नोकरीच्या दारात उभी राहणारी मुलंही तितकीच, आणि त्यांतल्या बहुतेकांकडे त्याच्यासारखीच इंग्रजीतली पदवी असणार.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. प्रवेशासाठी जर्मन लागतं का, हा कन्सल्टंटचा प्रश्न. त्याचं त्याने दिलेलं उत्तर बरोबर आहे. नोकरीसाठी जर्मन लागतं का, हा तुमचा प्रश्न. त्याला तुम्ही तो विचारलेला नाही आणि त्याचं कामही तिथवर पोचत नाही. विद्यार्थी विमानात बसला की त्याचं काम संपतं, तुमच्या कर्जाचे हप्ते तिथून पुढे सुरू होतात.

कोर्स इंग्रजीत आहे याचा अर्थ एवढाच की प्राध्यापक इंग्रजीत शिकवतील आणि पेपर इंग्रजीत लिहायचा. वर्गाबाहेरचं सगळं त्या एका वाक्यात येत नाही. जर्मनीत कंपन्या विद्यार्थ्यांना शिकता शिकता कामावर घेतात, त्याला वेर्कश्टूडेंट म्हणतात. सत्र चालू असताना साधारण आठवड्याला वीस तासांपर्यंत हे काम करता येतं. मेकॅनिकलवाल्यांना पुढची पक्की नोकरी बहुधा याच वाटेने मिळते: आधी वेर्कश्टूडेंट, मग त्याच कंपनीत मास्टर्सचा प्रबंध, मग नेमणूक. या कंपन्यांतल्या बऱ्याचशा मध्यम आकाराच्या, घराण्याच्या मालकीच्या आणि लहान गावांत असतात. तिथला शिफ्टचा फोरमन पन्नाशीचा असतो. शाळेतलं इंग्रजी त्याला थोडंफार येत असेल, पण मशीन बंद पडल्यावर तो इंग्रजीत बोलणार नाही.

माझी एक विद्यार्थिनी स्टुटगार्टच्या बाजूला अशाच एका कारखान्यात मुलाखतीला गेली होती. गुण उत्तम, सॉफ्टवेअर येत होतं, मुलाखतही इंग्रजीत छान झाली. शेवटी तिला शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात तिथे, नेलं आणि सुरक्षेच्या सूचनांचा एक कागद हातात दिला. मशीनजवळ जाण्याआधी तो समजावून सांगतात आणि समजला म्हणून सही घेतात. दोन पानं होती, जर्मनमध्ये. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की मला हे समजत नाही. त्यांनी चांगल्या शब्दांत निरोप दिला. तिला रात्री फोनवर रडताना मी ऐकलं आहे, म्हणून कुणी ‘ए-वन पुरे’ म्हणालं की मला गप्प बसवत नाही.

आता हेही सांगायला हवं की सगळ्यांसाठी एकच माप नसतं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये असता आणि बर्लिनसारख्या शहरात जाणार असता, तर पहिली नोकरी इंग्रजीवर मिळण्याची शक्यता बरीच असती. नर्सिंग असतं तर उलट टोक. तिथे कामाची परवानगीच बी-टूच्या आसपासच्या भाषेवर अडते, आणि डॉक्टरांना तर वैद्यकीय भाषेची सी-वन पातळीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल ही मंडळी मधल्या पट्ट्यात येतात. कायद्याने त्यांना कुणी अडवत नाही, पण दार पूर्ण उघडतही नाही. त्यातही डिझाइन किंवा सिम्युलेशनमध्ये बसणाऱ्याला थोडी सवलत मिळते, उत्पादन, क्वालिटी आणि मेंटेनन्सवाल्याला अजिबात नाही. तुमचा मुलगा यांतलं काय करू पाहतोय ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी कठीण बाजू धरून चालते.

मुलाचं म्हणणं, ‘तिथे जाऊन शिकेन.’ हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं आहे, आणि मी हे हिशोबाने सांगते. तिथे एका सत्राला 30 क्रेडिट असतात. एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे सहा महिन्यांत साडेसातशे ते नऊशे तास नुसते अभ्यासाचेच झाले. वर स्वयंपाक, खोली शोधणं, कागदपत्रं. वर्गात सोबतीला भारतीय मुलं, घरी पुन्हा भारतीय मुलं. यातून भाषा आपोआप येत नाही, मी तरी बावीस वर्षांत येताना पाहिली नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात हे त्याने वाचलं असेल, म्हणून त्याला हातात खूप वेळ आहे असं वाटतंय. पण वेर्कश्टूडेंटचे अर्ज दुसऱ्या सत्रापासून सुरू होतात. त्याची खरी मुदत उतरल्यापासून सहा महिन्यांची आहे. शिवाय हातात पैसे मोजके. व्हिसासाठी जे वर्षाचे 11,904 युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला 992 सुटतात, आणि महागड्या शहरात त्यातला मोठा वाटा भाड्यात जातो. 2024 पासून विद्यार्थ्यांना वर्षाला 120 ऐवजी 140 पूर्ण दिवस काम करता येतं. हे दिवस विषयातल्या कामात गेले तर बायोडेटा तयार होतो, हॉटेलच्या भांड्यांत गेले तर फक्त भाडं निघतं. भांडी घासण्यात कमीपणा नाही, मेहनतीच्या पैशाला मान आहे. पण तुम्ही मुलाला त्यासाठी कर्ज काढून पाठवत नाही.

आणि मामांचं म्हणणं. हेतू चांगला आहे, पण नुसत्या भाषेसाठी एक वर्ष घरी बसणं मी कधीच सुचवत नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने उत्साहात जातात, नंतर सकाळ लांबते, वर्ग संध्याकाळचा असतो, आणि विषय हातातून सुटत जातो. जर्मन बी-टू झालं तरी मशीन डिझाइन विसरलेला मुलगा मुलाखतीत उभा राहत नाही. थांबायचंच असेल तर इथल्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात नोकरी धरावी आणि संध्याकाळी भाषा शिकावी. ते वर्ष वाया जात नाही, उलट तिकडे अनुभव म्हणून दाखवता येतं. पण तुमच्या मुलाकडे अजून संपूर्ण शेवटचं वर्ष शिल्लक आहे. थांबण्याची वेळ आलेलीच नाही.

तासांचा हिशोब असा. मॅक्सम्युलर भवन, म्हणजे जर्मन शिकवणारी आणि परीक्षा घेणारी गोएथे संस्था, 45 मिनिटांचा एक तास धरतं. त्या हिशोबात ए-टू संपवायला एकूण 200 ते 350 तास लागतात, बी-वनपर्यंत 350 ते 650, बी-टूपर्यंत 600 ते 800. आठवड्याला आठ तास आणि वर्षात चाळीस आठवडे धरले तर 320 होतात. म्हणजे प्रामाणिकपणे केलं तर निघताना मुलगा ए-टू पूर्ण करून बी-वनमध्ये शिरलेला असेल. सुट्टीत वेग वाढवला तर बी-वनची परीक्षाही देऊ शकेल. तिचे वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात 60 टक्के लागतात, त्यामुळे एका भागात अडला तरी सगळं पुन्हा करायला लागत नाही. बी-टू तिथे, दुसऱ्या वर्षापर्यंत. माझ्या मते त्याच्यासाठी हा आकडा योग्य आहे. बी-वनचा पुढेही उपयोग होतो. ब्ल्यू कार्डवर, म्हणजे पदवीधर परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, नोकरी लागली तर कायम वास्तव्याचा परवाना ए-वनवर 27 महिन्यांनी मिळतो, बी-वनवर 21 महिन्यांनी.

पण तासांपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की ते तास कशावर घालवायचे. मला स्वतःला हे समजायला बराच काळ लागला. माझ्या मते भाषा पदवीच्या आधी नको, नंतरही नको, ती पदवीच्या पोटातच शिकायला हवी.

उदाहरण देते. जर्मनमध्ये ‘मुटर’ म्हणजे आई. हा शब्द पहिल्या आठवड्यात येतो. पण कारखान्यात मुटर म्हणजे नट, बोल्टवर बसतो तो. फरक अनेकवचनात कळतो: आया असतील तर ‘म्युटर’, नट असतील तर ‘मुटर्न’. ‘फेडर’ म्हणजे पीस, आणि फेडर म्हणजेच स्प्रिंग. ‘वेले’ म्हणजे लाट, आणि वेले म्हणजेच शाफ्ट. ‘लागर’ म्हणजे गोदाम, आणि लागर म्हणजेच बेअरिंग. आपल्याकडे बंदुकीला घोडा असतो, तसंच. आता बी-वन उत्तम गुणांनी पास झालेला, पण आई, पीस, लाट आणि गोदाम एवढेच अर्थ माहीत असलेला मुलगा फोरमनसमोर उभा करा. वाक्य ऐकू येईल, व्याकरण समजेल, आणि काय बिघडलंय ते मात्र कळणार नाही. यात त्याच्या हुशारीचा दोष नाही. त्याने भाषा एका खोलीत शिकली आणि इंजिनिअरिंग दुसऱ्या, मधलं दार कुणी उघडलंच नाही.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका कॉलेजातल्या मेकॅनिकलच्या सरांबरोबर मी शनिवारचा दोन तासांचा वर्ग सुरू केला. पहिल्या वर्षी माझी चूक झाली. मी चारशे तांत्रिक शब्दांची यादी करून वाटली. मुलांनी पाठ केली, परीक्षा दिली, दिवाळीनंतर कुणालाही काही आठवेना. दुसऱ्या वर्षी यादी फेकून दिली आणि मुलांना सांगितलं, तुमच्या प्रोजेक्टमधली एक वस्तू घेऊन या. पाच वाक्यं बोलायची: हे काय आहे, कशाचं बनलंय, कुठे बसतं, कशाने खराब होतं, तुम्ही त्यावर काय केलंत.

एक मुलगा मकरपुऱ्यातल्या वर्कशॉपमधून जळकं बेअरिंग ‘संदेश’ वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळून घेऊन आला. टेबलावर ठेवलं तर कागदाला काळं ग्रीस लागलेलं, आतल्या रिंगेवर निळसर डाग. त्याचं जर्मन तेव्हा ए-टूच्या मध्यावर होतं. तो म्हणाला, ‘डास लागर इस्ट हाइसगेलाउफन,’ बेअरिंग तापून गेलंय. सरांनी मीच शिकवलेल्या एका शब्दात विचारलं, ‘वारूम?’ का? तो थांबला, वर बघितलं आणि म्हणाला, ‘वाइल त्सू वेनिग फेट ड्रिन वार.’ कारण आत ग्रीस कमी होतं. ‘वाइल’ आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, हा नियम मी त्याच्या बॅचला तीनदा फळ्यावर लिहून दिला होता आणि तीनदा चुकला होता. त्या दिवशी बरोबर आला, कारण त्याला खरंच काहीतरी सांगायचं होतं. मग सरांनी त्याला निळा डाग कशाचा ते समजावलं, मी त्यांचं बोलणं सोप्या जर्मनमध्ये फळ्यावर उतरवत गेले. एकाच वस्तूवर दोन शिक्षक. मला त्या शनिवारी जे समजलं ते आधीच्या पंधरा वर्षांत समजलं नव्हतं.

पुढे वाचल्यावर कळलं की ही युक्ती आमची एकट्याची नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांनी 2004 च्या सुमाराला ‘आय-बेस्ट’ नावाने हेच सुरू केलं. तिथे बाहेरून आलेल्या आणि इंग्रजी कच्चं असलेल्या लोकांना आधी भाषा पक्की करा, मग धंदेशिक्षण घ्या, असं सांगितलं जायचं, आणि बरेचजण मधेच गळायचे. मग त्यांनी धंद्याचा एक शिक्षक आणि भाषेचा एक, असे दोघांना एकाच वर्गात उभं केलं. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा या वर्गातली मुलं क्रेडिट आणि प्रमाणपत्र मिळवण्यात पुढे दिसली. खुद्द जर्मनीत स्थलांतरितांसाठी 600 तास भाषेचा आणि 100 तास समाजजीवनाच्या ओळखीचा अभ्यासक्रम आहेच, पण 2016 पासून त्याच्या पुढचे, खास कामधंद्याच्या भाषेचे सरकारी वर्ग वेगळे चालतात. विद्यार्थी म्हणून गेलेल्याचा मात्र त्या 600 तासांच्या अभ्यासक्रमावर हक्क नसतो. त्याला आपली सोय विद्यापीठातच बघावी लागते.

आणि बडोद्याने तर हे फार आधी पाहिलंय. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जरांनी ते उभं केलं, आणि रंगकाम, यंत्रकाम देशी भाषेतून शिकवायचं ठरवलं. हाताचं काम आणि तोंडातली भाषा एकत्र राहिली तरच विद्या उतरते, ही दृष्टी त्यामागे होती. त्याच वास्तूच्या परिसरात आज आपली टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे, आणि जवळच आर्ट्सला जर्मनचा विभाग. दोघांमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर आहे. इंजिनिअरिंगच्या मुलाला तिथे जर्मन शिकून त्याचं क्रेडिट सहज पदवीत जमा करता आलं, तर निम्मा प्रश्न इथेच सुटेल. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट बँकेची सोय आहे. करणारं कुणीतरी पाहिजे, आणि पालकांनी मागितलं तर ते लवकर होईल.

पण तुमच्या मुलाला तोवर थांबता येणार नाही, म्हणून त्याचं वर्ष कसं असावं ते सांगते. आठवड्याला तीन संध्याकाळी नेहमीचा वर्ग. क्लास कोणताही धरा, फक्त एका बॅचमध्ये पंधराच्या वर मुलं नकोत आणि तोंड उघडायला लागलं पाहिजे. रविवारी दीड तास फक्त त्याच्या विषयाचं जर्मन. ए-वनमध्ये वस्तूंची नावं, आकडे, मापं, पदार्थ. ए-टूमध्ये स्वतःच्या प्रोजेक्टवर पाच-सात वाक्यं, दर आठवड्याला नवीन, मोबाइलवर रेकॉर्ड करून. बी-वनकडे जाताना जर्मन कंपन्यांची मशीनची हँडबुकं. ती बहुतेक कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळतात, आणि तीच इंग्रजीतही असतात, त्यामुळे शेजारी ठेवून वाचता येतात. प्रोजेक्टचा अहवाल तो इंग्रजीत लिहिणारच आहे, त्याचा एक पानाचा सारांश जर्मनमध्ये लिहायला लावा. मुलाखतीत तेच पान त्याच्या उपयोगी पडेल. सोबत एपीएस प्रमाणपत्राचं, म्हणजे इथल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, काम वेळेवर उरकून घ्या. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते लागतं, आणि ऐनवेळी त्याच्या मागे धावणाऱ्या मुलांचा भाषेचा वर्ग सगळ्यात आधी सुटतो.

विद्यापीठ निवडतानाही एक गोष्ट बघा, जी कन्सल्टंट सहसा बघत नाही. प्रत्येक कोर्सचं ‘मोडूलहांडबूख’ नावाचं पुस्तक साइटवर असतं. त्यात कोणत्या विषयाला किती क्रेडिट ते दिलेलं असतं. जर्मन भाषेचे क्रेडिट पदवीत धरले जातात का, ते त्यात शोधा. काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी भाषा शिकवतात पण वरचा भार म्हणून. दोन कोर्स बाकी सारखे असतील तर मी डोळे मिटून पहिला घ्यायला सांगेन, कारण परीक्षेच्या महिन्यात मुलं ज्याचे गुण मिळतात तेच धरून ठेवतात आणि बाकीचं सोडतात. दुसरं, गावात किंवा आसपास त्याच्या विषयाचे कारखाने आहेत का ते नकाशावर बघा. मोठ्या नावाच्या शहरापेक्षा याला महत्त्व द्या.

थोडक्यात, तिघांच्या सल्ल्यातलं जे घ्यायचं ते असं: कन्सल्टंटचं ‘थांबू नका’ घ्या, मामांचं ‘भाषा पक्की हवी’ घ्या, आणि मुलाचं ‘तिथे शिकेन’ हे फक्त बी-टूपुरतं घ्या.

मुलगा घाबरला असेल तर त्याला एक सांगा. मराठी घरातल्या आणि गुजराती गल्लीत वाढलेल्या मुलाला जर्मन जितकं परकं वाटतं तितकं ते नसतं. इंग्रजी बोलणारा माणूस टेबलाला लिंग असतं हे ऐकूनच दचकतो. आपल्याला तो, ती, ते पाळण्यातून येतं. डेर, डी, डास पाठ करायला लागतात, पण ते का आहेत हे समजावून सांगावं लागत नाही. क्रियापद शेवटी टाकायची सवयही आपल्याला आहेच. हातमोज्याला ते ‘हांटशू’ म्हणतात, म्हणजे हाताचा बूट. हे पहिल्यांदा ऐकल्यावर माझ्या वर्गात नेहमी कुणीतरी म्हणतं, मॅडम, आपण हाताचा मोजा म्हणतो की!

या रविवारी त्याला त्याच्या प्रोजेक्टमधला एक पार्ट घेऊन बसवा, कुठलाही, आणि त्याची पाच वाक्यं आधी मराठीत लिहायला सांगा. कशाचं बनलंय, कुठे बसतं, कशाने खराब होतं. मराठीत ती नीट जमली की मला पाठवा, जर्मनमध्ये कशी म्हणायची ते मी लिहून देते.